खालची डावी, सहावी

खालची डावी, सहावी.
गेल्या फेब्रुवारीत कॉड खाताना तुटली,
काट्यानं नाही, शेजारच्या करपलेल्या बटाट्यानं.
ग्रिम्सबीत राहून माशाला दोष देण्याचीही सोय उरली नाही.

सरकारी यादीत माझा नंबर चारशेच्या पुढे कुठेतरी.
फोनवरची मुलगी गोड बोलली,
म्हणाली, दुखायला लागलं तर कळवा.
म्हटलं, दुखतंय म्हणूनच कळवतेय.
हो का, म्हणाली, तसं नोंदवते.

खासगीत विचारलं : दोन हजार सातशे पौंड.
एका दाढेचे.
त्यात किती रात्रपाळ्या बसतात
ते मी तिथेच रिसेप्शनपाशी, तोंड मिटून मोजलं.

मग गॅसबिलाच्या पाकिटावर रकाने आखले.
बुडापेस्ट : नऊशे, विमान वेगळं, दोन खेपा.
अंताल्या : सहाशे, हॉटेलसकट, विमानतळावर गाडी.
क्राकूव्ह : तिथे बिएटाची मावशी राहते,
काम चोख होतं, पण मावशी फार बोलते.

अंताल्याहून शॅरन परतली तेव्हा तिचे दात
न्हाणीघराच्या फरश्यांसारखे, एकाला झाकावं नि दुसरा काढावा.
सहा महिने हसत होती.
आता सूपच पिते,
आणि कुणी विचारलं की म्हणते, हवा मात्र छान होती तिकडची.

चौथा रकाना आखला. वर नाव लिहिलं नाही.

रात्री नऊनंतर मी अकरा कवळ्या धुते.
प्रत्येक पेल्यावर नावाची पट्टी.
एकदा डोरीन आणि विनिफ्रेडच्या अदलाबदल झाल्या,
दोघी दिवसभर एकमेकींच्या तोंडानं भांडल्या.
डोरीन सांगते, तिच्या आईचे सगळे दात
लग्नाआधी बापानं काढवले आणि कवळी आहेरात दिली,
जावयाला पुढे खर्च नको.
जिभेवर आलं होतं,
आमच्याकडे नुसती सही मागतात.

हक्कसोडपत्र. गडहिंग्लज, गावाबाहेरचे चार गुंठे.
मुकुंददादानं बोट ठेवलं तिथे मी सही केली नाही.
तेव्हापासून अकरा वर्षं त्यानं माझ्यावर दात धरलाय.
माझा पडला.
त्याचा अजून घट्ट आहे.

आणि त्याच चार गुंठ्यांवर
त्याच्या लेकीनं आता दवाखाना बांधलाय.
सानिका. मेसेज करते, आत्या, एक्स-रे पाठव ना.
पाठवला.
हाड चांगलंय म्हणते, स्क्रू धरेल.
खर्च किती? तर, तू ये तर आधी.

हा आकडा कुठल्या रकान्यात मांडायचा?

म्हणजे साडेचार हजार मैल जाऊन
मी भावाच्या दारात आ वासून पडायचं.
खुर्चीचे पुढचे दोन पाय माझ्या जमिनीत,
मागचे त्याच्या.
तो उंबऱ्यापाशी उभा राहील, काही विचारणार नाही.
तोंडात कापूस, मलाही काही बोलता येणार नाही.
ही एक सोय बुडापेस्टला नाही.

आपलेच दात, आपलेच ओठ, आई म्हणायची.
दाढेबद्दल ती काही बोलली नव्हती.

पहाटेचे साडेचार. कवळ्या पेल्यांत झोपल्यात,
गोदीवरून बर्फाच्या गाडीचा आवाज येतोय,
आणि फोनवर प्रवासविम्याचा फॉर्म उघडा.
प्रवासाचं कारण : सुट्टी, कुटुंब, उपचार.
एकच निवडा.

जीभ आपोआप त्या रिकाम्या जागी जाते,
चाचपते, परत येते.
फॉर्म वीस मिनिटांनी बंद होतो, असं खाली बारीक अक्षरांत लिहिलंय.
सतरा झालीत.